लेसरने रिबन जोडताना सेल फुटतो: सेटिंग चुकतंय की पद्धतच?

तांबडी_रिबन

नमस्कार मंडळी. सौर पॅनेलच्या सिलिकॉन सेलांची स्ट्रिंग, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांनी जोडलेली माळ, सोल्डरिंग गनऐवजी लेसरने जोडायची आहे. साहित्य असं:

सेल: १५६.७५ मिमी, पाच बसबारचे (करंट गोळा करणाऱ्या चांदीच्या पट्ट्या), पी-टाइप पर्क (मागे संरक्षक थर असलेला प्रकार), मधोमध कापून अर्धे केलेले. जाडी १८० मायक्रॉन.
रिबन: तांब्याची, ०.९ × ०.२२ मिमी, वर ६०/४० कथील-शिशाचा साधारण २० मायक्रॉनचा थर.
लेसर: मार्किंगचा पल्स फायबर, १०६४ नॅनोमीटर, सरासरी ३० वॉट. ३० किलोहर्ट्झला दर पल्स १ मिलीज्यूल, पल्सची लांबी १०० नॅनोसेकंदांच्या आसपास. गॅल्व्हो हेड (आरशांनी बीम फिरवणारं), १६३ मिमीची एफ-थीटा लेन्स, फोकसला ठिपका सुमारे ५० मायक्रॉन.

रिबन बसबारवर ठेवून, दोन्ही टोकं दाबून, फोकसमध्ये १०० मिमी/सेकंद वेगाने सरळ रेघ मारली. ६० टक्के पॉवरच्या खाली काहीच चिकटत नाही, नुसता कथलाचा धूर आणि काजळी. ८० टक्क्यांच्या वर रिबनला भोकं पडतात आणि रिबन उचलली की खालून सिलिकॉनचा टवका निघतो. फोकस ३ मिमीने हलवून पाहिला, फारसा फरक नाही. लेसर मारलेल्या सेलमधून उलट्या दिशेने बराच करंट गळतो.

प्रश्न तीन. या लेसरने रिबन जोडता येईल का, येत असेल तर सेटिंग काय? मागच्या बाजूला चांदीचे पॅड न वापरता थेट ॲल्युमिनियमवर वेल्ड करतात असं वाचलंय, ते कसं? आणि जोड चांगला झालाय हे ओळखायचं कशावरून?

कल्हईवाला

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या क्रिया एकत्र आल्या आहेत. वेल्डिंग म्हणजे मूळ धातूच वितळवायचा. डाख देणं म्हणजे फक्त कथील वितळवायचं, तांबं घट्टच राहतं. तुम्ही सेटिंग लावलंय वेल्डिंगचं आणि साहित्य घेतलंय डाखाचं.

आकडे बघा. डाख वितळतो १८३ ते १९० अंशांना. तांबं वितळतं १०८५ ला. रिबनच्या खाली चांदीच्या पेस्टचा काही मायक्रॉनचा थर आणि त्याखाली लगेच सिलिकॉन. तांबं आणि सिलिकॉन एकमेकांना भिडले की ८०२ अंशांनाच मिळून वितळतात, चांदी आणि सिलिकॉन ८४० च्या आसपास. म्हणजे रिबनचं तांबं तळापर्यंत वितळवलंत, तर त्याआधीच्याच तापमानाला खालचा थर विरघळायला तयार असतो. पीएन जंक्शन, म्हणजे सेलचे दोन थर मिळतात ती सीमा, पृष्ठभागापासून अर्ध्या मायक्रॉनच्याही आत आहे. तिथवर वितळलेला धातू गेला की शंट (करंट गळायची चोरवाट) झालाच. तुमचा उलटा गळणारा करंट तो हाच. शिवाय तांबं सिलिकॉनमध्ये झपाट्याने पसरतं आणि कॅरिअर, म्हणजे करंट वाहणारे कण, खातं, त्यामुळे दिसायला शाबूत असलेला सेलही हळूहळू बसू शकतो.

टवक्याचं कारण निराळं. तांब्याचं प्रसरण अंशाला दशलक्षात १७, सिलिकॉनचं २.६. वितळलेला तांब्याचा ठिपका हजार अंशांवरून थंड होत आकसतो आणि खालचं ठिसूळ सिलिकॉन ओढतो. सिलिकॉन वाकून ताण सोडत नाही, सरळ शिंपल्यासारखा टवका सोडतं.

फोकस ३ मिमी हलवून फरक का पडला नाही तेही सोपं आहे. तुमच्या बीमला ३ मिमीवर ठिपका जेमतेम ०.१४ मिमी होतो. फोकसमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सरासरी ५० ज्यूल पडत होते, ते साडेसहावर आले. कथील उडवायला तेवढे पुरतात. पल्स लेसरने डाख द्यायचा तर ही घनता एक ज्यूलच्या बरीच खाली हवी, म्हणजे एकेक पल्स काहीच करत नाही आणि केवळ सरासरी उष्णता साठत जाते.

तेव्हा समोरच्या बाजूला डाखच द्या, तुमच्याच लेसरने. असं करून बघा:

१. हेड फोकसपासून सुमारे १६ मिमी वर घ्या. ठिपका ०.७ मिमी होईल. रिबन ०.९ ची आहे, ठिपका तिच्याबाहेर सांडता कामा नये. लेन्स वर गेली की आकृतीही थोडी मोठी पडते, म्हणून आधी थर्मल कागदावर रेघ मारून लांबी मोजा आणि स्केल दुरुस्त करा.

२. फ्रिक्वेन्सी ८० किलोहर्ट्झ. दर पल्स ०.३८ मिलीज्यूलच्या आसपास, घनता ०.१ ज्यूल. सरासरी पॉवर पूर्ण ३० वॉट.

३. सेल १०० ते ११० अंशांच्या हॉटप्लेटवर, व्हॅक्यूमने धरलेला. ही पायरी गाळू नका. गरम सेलवर लेसरला फक्त उरलेले शंभरेक अंश चढवायचे असतात, आणि थंड होतानाचा ओढा कमी होतो.

४. फ्लक्स (ऑक्साइड काढणारं द्रव्य) नो-क्लीन, म्हणजे नंतर धुवावा न लागणारा, घन भाग २ ते ३ टक्के असलेला. रिबन त्यात बुडवून पूर्ण वाळवायची. ओला फ्लक्स लेसरखाली उकळून फुटतो आणि कथलाचे थेंब सेलवर उडवतो.

५. सबंध रिबन एका दमात डाखू नका. ७८ मिमी लांबीत ५ मिमीचे पाच तुकडे पुरतात. एका तुकड्यावर बीम ८०० मिमी/सेकंद वेगाने पुढेमागे फिरवा, एकूण ०.५ ते ०.८ सेकंद. कथील चमकून पसरताना कॅमेऱ्यात दिसतं. ते दिसल्यावर ०.१ सेकंद द्या आणि थांबा.

६. सेलच्या कडेपासून पहिले ५ मिमी मोकळे सोडा. कापलेल्या कडेला बारीक तडे आधीच असतात. तिथे डाख दिलात तर पहिल्याच तापचक्रात तडा आत पळतो.

वेळ वाढवून जोड पक्का करायचा मोह होतो, पण वितळलेलं कथील बसबारची चांदी खातं. दोन-तीन सेकंद धरलं तर पेस्ट विरघळून रिबन नुसती काचेच्या कणांवर बसते. दोन टक्के चांदी घातलेला ६२/३६/२ डाख याचसाठी असतो: त्यात चांदी आधीच असल्याने बसबारची कमी जाते, आणि तो १७९ अंशांना वितळतो.

प्रकाशमार्ग

कल्हईवाल्यांच्या पहिल्या पायरीत भर. हेड वरच घ्या, खाली नको. खाली घेतलंत तरी ठिपका तेवढाच मोठा दिसतो, पण मग बीम रिबनच्या खाली फोकस होत असतो. रिबन किंचित सरकली की तो सेलमध्ये शिरताना पसरण्याऐवजी एकवटत जातो. वर घेतलंत तर फोकस हवेत होऊन बीम पसरत खाली येतो.

सेलमध्ये शिरेल कसा, असं वाटेल. १०६४ ला थंड सिलिकॉन जवळजवळ पारदर्शक आहे. १८० मायक्रॉनच्या वेफरमध्ये एका फेरीत सहावा भागही शोषला जात नाही. पण तापत जाईल तसं शोषण वाढतं, वाढलेलं शोषण आणखी तापवतं, आणि हे चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही. म्हणून एकाच सेटिंगवर नऊ सेल नीट निघतात आणि दहाव्याला डाग पडतो.

पुढे कधी डायोड लेसर घेतलात तर उलट गोष्ट लक्षात ठेवा. डाखासाठी ९४० किंवा ९८० नॅनोमीटरचे डायोड लेसर सर्रास वापरतात. सतत चालणारा बीम, ३० ते ५० वॉट, तुकड्याला ०.३ सेकंद, आणि पायरोमीटरने (न शिवता तापमान मोजणाऱ्या यंत्राने) पॉवर आवरायची. पण या तरंगलांबीचा प्रकाश सेलचा निळा पृष्ठभाग जवळपास पूर्ण गिळतो, कारण तो गिळण्यासाठीच तर बनवलाय. चकचकीत कथील मात्र बराच प्रकाश परत फेकतं. त्यामुळे ठिपक्याची कड अर्धा मिमी जरी रिबनबाहेर गेली तरी रिबनच्या आधी सेल भाजतो. गोल तारेच्या जोडणीत, म्हणजे ०.३ मिमीच्या तारा असतात तिथे, हा त्रास फार: तारेच्या उतारावरून प्रकाश बाजूला घसरतो.

पायरोमीटरबद्दल एक सूचना. कथील वितळलं की त्याची चमक बदलते आणि वाचन उडी मारतं. ती उडी तापमानाची नसते. सेटिंग लावताना सेलच्या मागे बारीक थर्मोकपल लावून एकदा ताडून घ्या.

हिरव्या-निळ्या लेसरचा सल्ला कुणी देईल म्हणून आधीच सांगतो. थंड तांबं १०६४ चा पाचेक टक्केच प्रकाश घेतं, ५३२ चा ४० टक्के, ४५० चा ६० च्या वर. तांब्याला तांबं जोडायला ते उत्तम, सेलच्या बाहेर, बस रिबनच्या जोडांवर. सेलवर मात्र तांबं सोपं वितळणं हा फायदा नसून धोका आहे.

तांबडी_रिबन

धन्यवाद दोघांनाही. डाखाचं कळलं. आता मागची बाजू. ॲल्युमिनियमवर कथील धरत नाही, म्हणूनच चांदीचे पॅड असतात ना? मग वेल्डिंग तिथे कसं चालतं, समोर चालत नाही तर?

पातळ_पत्रा

ॲल्युमिनियमवर कथील धरत नाही कारण त्यावर काही नॅनोमीटरचं ऑक्साइड असतं, आणि ते वितळतं २०७२ अंशांना. फ्लक्स त्याला हात लावू शकत नाही. लेसरचा पल्स मात्र खालचा धातू वितळवून ते कवच फोडतो. मागे वेल्डिंग चालतं याची कारणं दोन: ॲल्युमिनियम ६६० लाच वितळतं, आणि वरचा तुकडा २२० मायक्रॉनच्या रिबनऐवजी १० मायक्रॉनची फॉइल असते.

जर्मनीत हामेल्नच्या सौर संशोधन संस्थेने, आयएसएफएचने, काचेवरचा ॲल्युमिनियमचा थर काचेतूनच लेसर मारून सेलच्या मागच्या ॲल्युमिनियमला वेल्ड करण्याची पद्धत विकसित केली. तिचं नाव आमेली. फ्रायबुर्गच्या फ्राउनहोफर आयएसईने फोलमेट नावाने फॉइलच सेलचा मागचा धातू म्हणून लेसरने बसवली. तुमच्या मशीनवर दुसरीच्या जवळचं काहीतरी जमेल.

फॉइलची जाडी आधी ठरवा, पॉवर नंतर. पल्सच्या काळात उष्णता किती आत जाते ते ४ × विसरणांक × वेळ याच्या वर्गमुळाने काढतात. विसरणांक म्हणजे उष्णता धातूत किती झपाट्याने पसरते तो आकडा, ॲल्युमिनियमसाठी सेकंदाला ०.९७ चौरस सेंटिमीटर. १०० नॅनोसेकंदांत उत्तर ६ मायक्रॉन. १ मायक्रोसेकंदात २०. १ मिलीसेकंदात ६०० मायक्रॉनच्या वर, म्हणजे अख्खा वेफर ओलांडून. मिलीसेकंद पल्सचे दागिने किंवा बॅटरी जोडायचे लेसर सेलवर का चालत नाहीत ते इथे दिसतं: वेल्ड पुरा होण्याआधी सिलिकॉनला त्याची खबर लागलेली असते. तुमच्या १०० नॅनोसेकंदांना ८ ते १० मायक्रॉनची फॉइल जुळते. २० ची घेतलीत तर वरचा भाग उकळेल आणि खालचा घट्टच राहील.

ऊर्जा. ॲल्युमिनियम खोलीच्या तापमानापासून पूर्ण वितळवायला दर घन सेंटिमीटरला साधारण २.८ किलोज्यूल लागतात. १० मायक्रॉन जाडीला दर चौरस सेंटिमीटरला २.८ ज्यूल, शोषलेले. घट्ट ॲल्युमिनियम १०६४ चा दहावा भाग घेतं असं धरलं तर बाहेरून २८ ज्यूल. तुमच्या ५० मायक्रॉनच्या ठिपक्याला हे ०.५५ मिलीज्यूल होतात. बाजूला पसरणारी उष्णता धरून ०.६ ते ०.९ मिलीज्यूल या पट्ट्यात शोधा. हा हिशोब ढोबळ आहे, वितळलं की शोषण वाढतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

कृती:

सेल मागची बाजू वर करून व्हॅक्यूम चकवर ठेवा. मऊ ब्रशने पेस्टवरची सैल भुकटी झटका. फॉइल ॲसिटोनने पुसा, लाटताना लागलेल्या तेलाचा अंश तिच्यावर असतो आणि वेल्डमध्ये तो बुडबुडे करतो. मळकट, बिनचकाकीची बाजू वर.

फॉइल सेलपेक्षा सगळीकडून १० मिमी मोठी कापा. चकला सेलच्या बाहेरून फिरणारी खाच हवी. तिथून हवा ओढली की फॉइल सेलवर वातावरणाच्या दाबाने बसते, चौरस सेंटिमीटरला १० न्यूटनपर्यंत. या कामाचं यश नव्वद टक्के इथेच ठरतं. फॉइल आणि पेस्टमध्ये फट १-२ मायक्रॉनच्या वर गेली तर वितळलेला थेंब खाली पोचतच नाही. तो स्वतःभोवती आकसून कडेचं भोक होतो. भिंगाखाली नीटस गोल भोक आणि त्याच्या काठाला गुंडाळलेली कड दिसली तर पॉवर कमी करत बसू नका, फट शोधा.

प्रत्येक ठिकाणी एकच पल्स. ठिपके २ मिमी अंतरावर. तुमच्या अर्ध्या सेलवर असे तीन हजार बसतात आणि गॅल्व्होला सहा-सात सेकंद लागतात. अर्ध्या सेलचा करंट ५ अँपिअरच्या आत, म्हणजे ठिपक्याला पावणेदोन मिलिअँपिअरही नाही. काही शे ठिपके निकामी निघाले तरी विजेचं काही बिघडत नाही. समोरच्या पाच रिबनांना ही चैन नाही.

एक अडचण: १६३ च्या लेन्सचं क्षेत्र साधारण ११० मिमी, तुमचा सेल १५७ लांब. २५४ ची लेन्स लावलीत तर क्षेत्र पुरतं, पण ठिपका ५० वरून ७८ मायक्रॉन होतो आणि पूर्ण १ मिलीज्यूलची घनता ५० वरून २१ ज्यूलवर येते. मग वेल्ड लागत नाही. १६३ ठेवा, सेल सरकवून दोन भागांत मारा.

आता काय बिघडतं. छापलेली पेस्ट म्हणजे ॲल्युमिनियमच्या गोळ्यांचा सच्छिद्र थर. वेल्ड वरच्या गोळ्यांपुरता राहिला तर फॉइल सोलताना पेस्टच मधोमध फाटते. ठिपक्याने पेस्ट ओलांडून खालच्या घट्ट थराला धरायला हवं. पण पर्कमध्ये पेस्टखाली ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि सिलिकॉन नायट्राइडचं पॅसिव्हेशन (पृष्ठभागावरचा तोटा रोखणारा थर) असतं, तेही तिथे फुटतं. पी-टाइप सेलमध्ये हे चालून जातं. तिथे ॲल्युमिनियम सिलिकॉनमध्ये शिरून छोटा संपर्कच तयार होतो, लेसरने मुद्दाम असे संपर्क करायची पद्धतही आहे. आणि तीन हजार ठिपक्यांचं क्षेत्र सेलच्या ०.०५ टक्के. एन-टाइप टॉपकॉन या दुसऱ्या प्रकारच्या सेलच्या मागे मात्र हे अजिबात करू नका. तिथला पॉलिसिलिकॉन थर एन-प्रकारचा आणि एका मायक्रॉनच्याही आतला. ॲल्युमिनियम त्यातून पलीकडे गेलं की उलट्या जातीचं डोपिंग होऊन सेल बसतो.

फॉइलचा रोध: १० मायक्रॉनला चौरसामागे २.८ मिलिओहम. अर्ध्या सेलवर करंट गोळा होत जातो हे धरून तोटा सुमारे ११ मिलिवॉट, २.६ वॉटच्या सेलमागे अर्ध्या टक्क्याच्या आत.

दोन सेलांच्या मधली फॉइल ताणून ठेवू नका. काचेचं प्रसरण ९, सिलिकॉनचं २.६. उणे ४० ते ८५ अंशांत ७८ मिमीच्या सेलमागे फट ०.०६ मिमीने उघडझाप करते. २ मिमीच्या फटीत ते तीन टक्के होतात आणि सरळ फॉइल काही चक्रांत चिरते. मध्ये हलकी वळी ठेवा. तीही फार उंच नको, लॅमिनेशनमध्ये, म्हणजे मॉड्यूल गरम करून चिकटवताना, दाबून तिची घडी होते.

शेवटच्या सेलला तांबं लागतंच, जंक्शन बॉक्सपर्यंत. तिथे कथील चढवलेली रिबन नको, शिसं १७४९ ला उकळतं आणि वेल्डमध्ये भोकं करतं. उघडं तांबं खाली, फॉइल वर, आणि सेलच्या बाहेर वेल्ड. ॲल्युमिनियम-तांब्याचं मिश्रण ५४८ अंशांनाच वितळतं आणि थिजल्यावर ठिसूळ होतं. म्हणून एक मोठा ठिपका न मारता शेदोनशे छोटे मारा, प्रत्येकात दोन धातू कमीत कमी मिसळतील असे.

सोलून_बघा

तिसरा प्रश्न राहिला, तो माझ्या आवडीचा.

समोरच्या रिबनला सोलण्याची चाचणी. १८० अंशांत मागे वळवून, एकसारख्या वेगाने, रिबन ओढा आणि बल नोंदवा. रुंदीच्या दर मिमीला १ न्यूटन हा रूढ किमान. तुमच्या रिबनला ०.९. पण आकड्यापेक्षा फाटलं कुठून ते महत्त्वाचं:

रिबनच्या पोटावर चकचकीत कथील आणि बसबार जसाच्या तसा: थंड जोड. फ्लक्स किंवा वेळ कमी पडला.
बसबारची चांदी रिबनला चिकटून आली आणि बल कमी: डाख जास्त वेळ वितळलेला राहिला, चांदी खाल्ली गेली.
चांदी आली पण बल चांगलं: पेस्टची ताकद तेवढीच आहे. तुमचा दोष नाही.
सिलिकॉनचा टवका आला: बल कितीही भरो, नापास. नवशिक्यांना हा जोड सर्वात मजबूत वाटतो, कारण आकडा मोठा येतो. तडा लेसरने आधीच पाडलेला असतो, ओढण्याने फक्त तो वर आणलेला असतो.

फॉइलचं उलट. चांगल्या वेल्डला फॉइल ठिपक्याभोवती फाटते आणि ठिपका सेलवर राहतो. सोलल्यावर सेलवर गोल चकत्या मोजा. शंभरात ऐंशीच्या खाली गेल्या तर दाबाची व्यवस्था बघा.

मग ईएल, म्हणजे इलेक्ट्रोल्युमिनेसन्स. अंधारात सेलमधून सरळ दिशेने करंट सोडायचा, सिलिकॉन ११५० नॅनोमीटरच्या आसपास मंद उजळतं. इन्फ्रारेड फिल्टर काढलेला साधा कॅमेरा अर्ध्या मिनिटाच्या एक्स्पोजरला ते टिपतो. दोन फोटो काढा: एक पूर्ण करंटला, एक त्याच्या दहाव्या भागाला. तडे आणि तुटलेल्या जोडांमागचे काळे पट्टे पहिल्यात उठून दिसतात. शंट दुसऱ्यात, कारण करंट थोडा असला की तो आधी शंटमधून पळतो आणि आजूबाजूचा भाग विझतो. पहिलाच फोटो बघून सेल पास करणं ही फार प्रचलित चूक. लेसरच्या आधीचा फोटोही हवा, नाहीतर कापतानाचे तडे लेसरच्या नावावर खपतात.

रोध नेहमी चार तारांनी मोजा, दोन करंटला, दोन व्होल्टेजला. दोन तारांच्या मीटरने मिलिओहम मोजणं म्हणजे मीटरच्या तारा मोजणं.

शेवटी तापचक्र: आयईसी ६१२१५ या मॉड्यूल चाचणीच्या मानकात उणे ४० ते अधिक ८५ अंशांची २०० चक्रं आहेत. सगळी जमत नसतील तर ५० तरी करा. थंड जोड बहुधा तेवढ्यात उघडे पडतात.

तांबडी_रिबन

मोठं काम झालं. दोन छोटे प्रश्न. ताण कमी व्हावा म्हणून बिस्मथचा डाख, १३८ अंशांना वितळणारा, पॅडवर लावून त्यावर माझीच रिबन चालेल का? आणि फॉइल दाबायला वरून काच ठेवली तर?

कल्हईवाला

बिस्मथ चालेल, पण तुमच्या रिबनवर नाही. तुमच्या रिबनमध्ये शिसं आहे. बिस्मथ, शिसं आणि कथील एकत्र आले की ९६ अंशांना वितळणारा भाग तयार होतो. छतावरचं मॉड्यूल ८० च्या पुढे जातं, लॅमिनेशन तर १४० च्या वर. जोड आतल्या आत मऊ होऊन सरकेल. बिस्मथ वापरायचा तर रिबनही बिस्मथचीच. हेटरोजंक्शन सेलांना तो लागतोच, ते २०० अंशांच्या वर टिकत नाहीत. ठिसूळपणा मात्र सांभाळावा लागतो.

पातळ_पत्रा

काच चालते, आमेलीत ती असतेच, पण तिथे ॲल्युमिनियम काचेलाच चिकटलेलं असतं. सुटी काच ठेवलीत तर वाफ वर उडून काचेच्या पोटावर करडा थर बसतो. पुढच्या सेलला तोच थर बीम अडवतो, आणि दर सेलला वेल्ड हलका होत जातो. लोक पॉवर वाढवत बसतात. काचेवर शोषण सुरू झालं की तीही तडकते. व्हॅक्यूमची खाच जमत असेल तर काच नकोच. ठेवायचीच तर दर सेलला पुसा आणि पुसलेलं कापड झाकणाच्या डब्यात टाका, ॲल्युमिनियमची ती भुकटी पेट घेते. धूर ओढणाऱ्या पंख्याच्या फिल्टरमध्येही तीच साठते.

चष्मा १०६४ साठीचा, ऑप्टिकल डेन्सिटी (बीम अडवण्याची क्षमता) ६ च्या वर. सपाट फॉइल या बीमचा नव्वद टक्के प्रकाश परत फेकते आणि तो डोळ्याला दिसत नाही. हेडभोवती बंद पेटी असेल तर तिचं झाकण उघडताच लेसर बंद होईल अशी कळ लावा.